लाकडाचे अचूक वर्तुळ : ट्रिमर, दांडा आणि एक खिळा

हाताने धरून चालवायच्या यंत्राने लाकडाचे वर्तुळ कापायचे म्हटले की बहुतेक जण आधी दोरी-पेन्सिलीने वर्तुळ आखून घेतात आणि मग त्या रेषेवर डोळा रोखून जिगसॉ, म्हणजे वरखाली चालणाऱ्या अरुंद पात्याची विजेची करवत, फिरवतात. मीही काही वर्षे असेच करत होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी पाण्याच्या पिंपासाठी १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचे झाकण मी याच पद्धतीने कापले. वरून पाहिले तर रेष तंतोतंत पाळलेली होती, पण झाकण उलटे केले तेव्हा खालचा काठ एका ठिकाणी ४ मिलिमीटर बाहेर आणि त्याच्या समोर २ मिलिमीटर आत गेलेला निघाला. ते झाकण पिंपावर एकाच दिशेने बसत असे आणि जरा फिरवले की अडकत असे.

चूक हाताच्या सवयीची नव्हती, रीतीची होती. आखलेल्या रेषेमागून जाणारा हात सतत थोडा आत, थोडा बाहेर जातो आणि प्रत्येक दुरुस्तीचा एक बारीक कोपरा काठावर राहतो. शाळेत शिकलेली वर्तुळाची व्याख्या येथे जशीच्या तशी उपयोगी पडते : केंद्रापासून सारख्या अंतरावर असलेल्या बिंदूंची आकृती म्हणजे वर्तुळ. तेव्हा केंद्रात एक खिळा, खिळ्याभोवती फिरणारा एक दांडा आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला यंत्र एवढी जोडणी केली, की अंतर सांभाळण्याचे काम दांडा करतो आणि हाताला फक्त पुढे ढकलण्याचे काम उरते. त्यानंतर पेन्सिलीचे वर्तुळ आखायचे ते केवळ कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे विसरू नये म्हणून.

पुढचे सगळे विवेचन मी एका कामाच्या आधाराने करतो. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून आमच्याकडे चतुर्थीच्या आरासीसाठी प्लायची मखरे पुन्हा दिसू लागली आहेत, आणि गणपतीच्या मागे, माटवीच्या (वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या) खाली उभे करायचे गोल कडे हे त्यातले सर्वांत मागणी असलेले काम आहे. बाहेरचा व्यास ९०० मिलिमीटर, आतला व्यास ७६० मिलिमीटर, म्हणजे ७० मिलिमीटर रुंदीचे कडे, १२ मिलिमीटर प्लायमध्ये. ज्याला हे कडे जमले त्याला गोल टेबलाचा पृष्ठभाग, विहिरीच्या तोंडावरचे झाकण किंवा स्पीकरचे भोक यांपैकी काहीच अवघड वाटणार नाही, कारण कड्यात तबकडी आणि भोक हे दोन्ही प्रकार एकत्र येतात.

यंत्र कोणते

या कामासाठी माझी पहिली पसंती राउटरला, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या धारदार बिटाने लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राला, आणि घरगुती कामात त्याच्या लहान भावाला, म्हणजे ट्रिमरला आहे. सनमायकाच्या कडा तासण्यासाठी सुतार जो एका हातात मावणारा ट्रिमर वापरतात तोच हा. जिगसॉचे पाते एका टोकाला धरलेले आणि दुसऱ्या टोकाला मोकळे असते, त्यामुळे वळणात खालचे टोक हमखास ढळते. राउटरचे बिट आखूड आणि जाड असते, शिवाय ते आपल्या अक्षाभोवतीच फिरते, त्यामुळे काठ वरपासून खालपर्यंत काटकोनात राहतो. ट्रिमरची ताकद बेताची असते, पण एका फेरीत थोडेच लाकूड काढायचे ठरवले तर तीही पुरते.

बिट सरळ धारेचे, ६ मिलिमीटर व्यासाचे घ्यावे. मात्र ते टोकालाही कापणारे असले पाहिजे. काही स्वस्त बिटांना फक्त बाजूला धार असते, ती लाकडात वरून उतरवली की कापण्याऐवजी घासतात, धूर निघतो आणि लाकूड काळे पडते. आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो : पाकिटावर लिहिलेल्या मापावर विसंबू नये. आपल्याकडे ६ मिलिमीटर म्हणून मिळणारे बिट प्रत्यक्षात पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे निघू शकते. व्हर्नियर कॅलिपरने माप घ्यावे आणि पुढच्या हिशेबात तेच धरावे.

दांडा तयार करणे

दांड्यासाठी ६ मिलिमीटर जाडीची प्लायची किंवा अॅक्रिलिकची, सुमारे ५५० मिलिमीटर लांब आणि ट्रिमरच्या तळपट्टीइतकी रुंद पट्टी पुरेशी होते. लाकडी रीप घेऊ नये. पावसाळ्यात ती वाकते आणि वाकलेला दांडा बिटाला तिरके धरतो. ट्रिमरची प्लास्टिकची तळपट्टी स्क्रू काढून वेगळी करावी, ती पट्टीच्या एका टोकावर ठेवून स्क्रूंच्या जागा टोकदार सुईने उमटवाव्यात, भोके पाडावीत आणि स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या आत बसतील इतकी खोलगट करावीत. डोके केसभर जरी वर राहिले तरी ते प्लायवर ओरखडा काढते आणि दांडा डगमगतो.

आता ट्रिमर पट्टीवर बसवावा आणि यंत्र सुरू करून त्याच बिटाने पट्टीत सावकाश आरपार भोक पाडावे. बिटाचे भोक आधी ड्रिलने पाडून मग यंत्र बसवण्यापेक्षा ही रीत कितीतरी चांगली, कारण पट्टीतले भोक आणि बिटाचा मध्य यांत फरक राहण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या भोकाच्या मध्यातून पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ रेष आखावी. खिळ्याची भोके याच रेषेवर येतील.

खिळा म्हणून मी ३ मिलिमीटरच्या जुन्या ड्रिल बिटाची गुळगुळीत दांडी तोडून वापरतो. साधा खिळा गोल दिसतो, पण डोक्याजवळ त्यावर बनवताना पकडल्याचे ओरखडे असतात आणि तेवढ्याने दांडा हलतो. ड्रिल बिटाची दांडी मापात घासलेली असते आणि त्याच मापाच्या दुसऱ्या बिटाने पाडलेल्या भोकात ती घट्ट, तरी फिरेल अशी बसते.

माप कोठून कोठपर्यंत

सर्वाधिक तबकड्या येथेच बिघडतात, म्हणून या भागावर जरा थांबतो. बिटाला स्वतःची जाडी आहे. ते लाकडात ६ मिलिमीटर रुंदीची खाच पाडते आणि त्या खाचेची एक भिंत आपल्या कामाची, दुसरी टाकाऊ असते. तबकडी ठेवायची असेल तर खिळ्याच्या मध्यापासून बिटाच्या जवळच्या धारेपर्यंतचे अंतर म्हणजे त्रिज्या. भोक ठेवायचे असेल तर खिळ्याच्या मध्यापासून बिटाच्या दूरच्या धारेपर्यंतचे अंतर म्हणजे त्रिज्या. मध्य ते मध्य असा हिशेब केला तर तबकडीसाठी त्रिज्येत बिटाचा निम्मा व्यास मिळवायचा आणि भोकासाठी तो वजा करायचा.

आपल्या कड्याचा बाहेरचा व्यास ९०० आहे, म्हणून त्रिज्या ४५० आणि खिळ्याचे भोक बिटाच्या मध्यापासून ४५३ मिलिमीटरवर. आतला व्यास ७६० आहे, त्रिज्या ३८०, म्हणून दुसरे भोक ३७७ मिलिमीटरवर. बिट ६.३५ मिलिमीटरचे निघाले तर हेच आकडे अनुक्रमे ४५३.१८ आणि ३७६.८३ होतील. पाव मिलिमीटरहून कमी असा हा फरक लाकडात फारसा दिसत नाही, पण झाकण एखाद्या खाचेत बसवायचे असेल तर नक्की जाणवतो. आतून जी तबकडी निघेल तिचा व्यास ७६० नसून ७४८ असेल, कारण खाचेची रुंदी दोन्ही बाजूंनी तिच्यातून गेली. आमच्या पडवीतल्या गोल टेबलाचा पृष्ठभाग अशाच एका कड्याच्या पोटातून निघालेला आहे.

माप मोजपट्टीच्या शून्यापासून घेऊ नये, कारण टोकाची पत्र्याची आकडी हलती असते. पोलादी फूटपट्टीवर १०० च्या खुणेपासून मोजावे आणि १०० वजा करावेत. एवढे करूनही खात्री वाटत नसेल तर एखाद्या टाकाऊ तुकड्यावर १ मिलिमीटर खोलीची पाव फेरी घ्यावी आणि केंद्रापासून खाचेच्या कामाच्या भिंतीपर्यंत प्रत्यक्ष मोजावे. फरक निघाला तर खिळ्याचे नवे भोक बिटाच्या मध्यापासून दुरुस्त अंतरावर, पण रेषेच्या बाजूला, जुन्यापासून किमान १० मिलिमीटर दूर पाडावे लागते. भोके एकमेकांत मिसळली की दांडा निकामी होतो. म्हणून ज्यांना वारंवार वर्तुळे कापायची आहेत त्यांनी खिळा एका लहान ठोकळ्यात बसवावा, दांड्यात लांबट खाच पाडून तो ठोकळा त्यात सरकेल असा करावा आणि विंग नटने आवळण्याची सोय ठेवावी.

काम बांधून ठेवणे

कापताना प्लायखाली जुना एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) किंवा टाकाऊ प्लाय सपाट अंथरावा. बिटाने खाली जाऊन काय कापायचे ते त्याला कापू द्यावे. चांगली बाजू खाली आणि पाठीची बाजू वर ठेवावी. त्यामुळे खिळ्याचे भोक पाठीला राहते आणि खालचा फळा घट्ट टेकलेला असल्याने चांगल्या बाजूच्या कपच्या उडत नाहीत. खिळ्याचे भोक आरपार नको, ८ मिलिमीटर खोल पुरे. ड्रिल बिटाला त्या मापावर रंगीत टेप गुंडाळली की खोली आपोआप कळते.

कड्याच्या कामात क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाहेरचा काप घ्यायचा, मग आतला. उलट केले तर आतली तबकडी सुटते आणि तिच्याबरोबर केंद्रही जाते. आतला काप घेतानाही शेवटच्या फेरीत खिळा असलेली तबकडी आणि कडे एकमेकांपासून सुटतात, आणि त्यांपैकी एक जरी केसभर सरकले तर बिट काठात घुसते. म्हणून तबकडी, कडे आणि बाहेरचे चारही कोपरे हे सगळे आधीच खालच्या फळ्याला बांधून टाकावेत. कडे रंगवायचे असेल तर स्क्रू मारावेत आणि भोके नंतर पुटीने भरावीत. पॉलिश करायचे असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावावी. स्क्रू बिटाच्या वाटेपासून किमान २५ मिलिमीटर दूर असावेत, आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी दांडा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बिट कोणत्याही स्क्रूवरून जात नाही ना, हे पाहावे.

फेरी पूर्ण घ्यायची म्हणजे आपल्यालाही कामाभोवती पूर्ण चालावे लागते, म्हणून काम भिंतीला लागून नको, मध्ये हवे. कोरड्या दिवसांत मी ते खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, मांडतो, पावसाळ्यात पडवीत. वायर दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि ऐन कापात हिसका देते, त्यावर आमच्या घरात सोपा उपाय आहे : पडवीच्या वाशाला एक दोरीचा फासा बांधून वायर त्यातून वरून खाली सोडायची, म्हणजे ती कामाच्या मध्यावर लोंबते आणि फेरीबरोबर फिरते.

कापण्याची कृती

बिट बसवताना प्लग काढलेला असावा. बिटाची दांडी कोलेटमध्ये, म्हणजे यंत्राच्या बिट पकडणाऱ्या तोंडात, किमान २० मिलिमीटर आत जाऊ द्यावी, ती तळाला टेकली की २ मिलिमीटर मागे घ्यावी आणि मग पान्याने आवळावी. तळाला टेकवूनच आवळले तर पकड घट्ट झाल्यासारखी वाटते, पण यंत्र तापले की सैल होते. माझ्याकडून एकदा हीच हयगय झाली. तिसऱ्या फेरीत बिट हळूहळू खाली उतरत गेले, खाच वाटेत खोल होत गेली आणि तळाचा फळा पार होऊन बिट टेबलात शिरले, तेव्हा कोठे आवाज बदललेला लक्षात आला. तेव्हापासून मी बिटाच्या दांडीवर कोलेटच्या अगदी कडेला मार्करने एक बारीक रेष ओढतो. प्रत्येक फेरीनंतर यंत्र थांबवून ती रेष पाहायची. रेष आणि कोलेट यांच्यामध्ये चकचकीत धातूची फट दिसली तर बिट सरकले आहे असे समजायचे.

एका फेरीत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नये. १२ मिलिमीटर प्लायसाठी ३, ६, ९ आणि शेवटी १२.५ असे टप्पे ठेवावेत. शेवटचा अर्धा मिलिमीटर खालच्या फळ्यात जातो. प्लंज राउटरला, म्हणजे ज्याचे बिट चालू असतानाच खाली उतरवता येते त्याला, हे टप्पे आधी लावून ठेवण्याची चकती असते. साध्या ट्रिमरला ती नसते, तेव्हा खोली हाताने वाढवावी लागते आणि सुरुवात थोडी वेगळी करावी लागते : दांडा खिळ्यावर बसवायचा, यंत्राकडची बाजू उचलून धरायची, यंत्र सुरू करायचे, त्याला पूर्ण वेग घेऊ द्यायचा आणि मग ती बाजू सावकाश खाली टेकवायची. दांडा पूर्ण सपाट टेकला की लगेच पुढे निघायचे. एका जागी थांबलेले बिट लाकूड जाळते आणि तो काळा डाग पॉलिश पेपरने सहजासहजी जात नाही.

दिशेचा नियम पाठच करून ठेवावा. वरून पाहिले असता बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. तबकडी ठेवायची असेल, म्हणजे आपल्या कड्याचा बाहेरचा काठ कापताना, यंत्र काट्यांच्या उलट दिशेने न्यावे. भोक ठेवायचे असेल, म्हणजे आतला काठ कापताना, काट्यांच्या दिशेने न्यावे. उलट दिशेने गेल्यावर कापाचा जोर यंत्राला केंद्राकडे ढकलतो, तर काट्यांच्या दिशेने गेल्यावर केंद्रापासून दूर ओढतो. खिळा कितीही घट्ट असला तरी त्याच्या भोकात कणभर सैलपणा असतोच आणि तो जोर हा सैलपणा एकाच बाजूला दाबून ठेवतो. त्यामुळे एकाच दिशेने घेतलेल्या सर्व फेऱ्या एकमेकींवर बरोबर बसतात. मध्येच दिशा बदलली, राहिलेला तुकडा मागे येऊन कापला, की सैलपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि काठावर नखाला लागेल अशी पायरी पडते. चाचणीची पाव फेरीसुद्धा म्हणूनच प्रत्यक्ष कामाच्या दिशेनेच घ्यावी.

बाहेरच्या काठाची लांबी सुमारे २८२७ मिलिमीटर आहे. ट्रिमरने एक फेरी घ्यायला मला साधारण दीड मिनिट लागते. यंत्राचा आवाज खोल आणि जड झाला तर पुढे ढकलण्याचा वेग कमी करावा, आवाज अगदी मोकळा आणि भुसा पिठासारखा बारीक येऊ लागला तर वेग वाढवावा. भुशाच्या लहान कुरळ्या कपच्या निघत असतील तर वेग बरोबर आहे. खाचेत साठलेला भुसा प्रत्येक फेरीनंतर ब्रशने काढावा. आमच्या दमट हवेत तो खाचेत चिकटून बसतो आणि पुढच्या फेरीत दांड्याला वर उचलतो.

जिवाची आणि विजेची काळजी

डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे आणि तोंडावर चांगला घट्ट बसणारा मास्क यांच्याशिवाय राउटर सुरू करू नये. लाकडाचा भुसा हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ आहे असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे, आणि प्लाय व एमडीएफच्या भुशात सरसाची रसायनेही असतात. पंचा किंवा ओढणी गळ्यात नको, हातमोजेही नकोत, कारण फिरत्या बिटात कापड अडकले तर ते हाताला ओढून नेते.

कोकणातल्या पावसाळ्याबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून वीजयंत्र चालवणे हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि ते पाहून पोटात गोळा येतो. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, घराच्या पेटीत बसवलेला नसेल तर आधी तो बसवून घ्यावा, पायांत रबरी चपला घालाव्यात आणि खाली कोरडी फळी टाकावी. दिवे लुकलुकत असतील तर काप सुरूच करू नये. कापाच्या मध्ये वीज गेली तर सर्वांत आधी यंत्राचे बटण बंद करावे आणि मगच ते उचलावे, नाहीतर वीज परत आल्यावर ते आपोआप सुरू होते.

अँगल ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावून वर्तुळ कापण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ग्राइंडर त्यासाठी बनलेला नाही, पाते अडकले की तो अंगावर उसळतो. सरकत्या हाताचे वर्तुळ-कटरही हातातल्या ड्रिलला लावू नये. ते फक्त उभ्या ड्रिल प्रेसवर, काम घट्ट बांधून वापरायचे साधन आहे. १०० मिलिमीटरपर्यंतच्या भोकांसाठी होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत, उत्तम चालतो. त्याचे मधले बिट पलीकडे डोकावले की थांबावे आणि उरलेला काप दुसऱ्या बाजूने घ्यावा.

फक्त जिगसॉ असेल तर

राउटर नाही म्हणून काम अडत नाही, फक्त अपेक्षा थोडी बदलावी लागते. जिगसॉलाही दांडा लावता येतो, पण एक अट आहे : केंद्राचा खिळा पात्याच्या दातांच्या रेषेत, पात्याशी काटकोनात असला पाहिजे. खिळा दातांच्या पुढे किंवा मागे गेला तर पाते एका दिशेने जाऊ पाहते आणि दांडा दुसऱ्या, आणि शेवटी पाते वाकते. पाते अरुंद, वळणासाठी असलेले घ्यावे, आणि पात्याला पुढे-मागे झुलवणारी कळ शून्यावर ठेवावी. जिगसॉ पाते वर येताना कापतो, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. येथेही चांगली बाजू खाली ठेवणेच योग्य.

तरीही मी जिगसॉच्या कापाला अंतिम मानत नाही. रेषेच्या २ ते ३ मिलिमीटर बाहेरून कापून घ्यावे आणि उरलेले घासून काढावे. त्यासाठी बेल्ट सँडर (पॉलिश पेपरचा फिरता पट्टा असलेले यंत्र) आडवा, पट्टा उभा राहील असा टेबलावर घट्ट बांधावा, तबकडी एका खिळ्यावर फिरेल अशी त्याच्यासमोर मांडावी आणि खिळ्याची फळी अगदी थोडी थोडी पट्ट्याकडे सरकवत तबकडी सावकाश फिरवावी. वेळ लागतो, पण काठ खरोखर गोल होतो, कारण येथेही अंतर खिळाच सांभाळतो. एकाच मापाचे सहा-आठ पाट करायचे असतील तर अशी एकच तबकडी १२ मिलिमीटर एमडीएफमध्ये मन लावून बनवावी आणि ती नमुना म्हणून बाकीच्या फळ्यांना चिकटवून बेअरिंगच्या बिटाने (ज्याची फिरती चकती नमुन्याच्या काठाला टेकून चालते) सगळे पाट तिच्यावरून उतरवावेत. त्यासाठी ट्रिमर शेजाऱ्याकडून एका दिवसापुरता आणला तरी भागते.

प्लाय की अखंड लाकूड

अचूकतेचा विचार केला तर प्लायच बरा. अखंड साग, फणस किंवा आंबा यांची गोल फळी कापल्या दिवशी अचूक असते, पण लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ आक्रसत नाही आणि आडवे मात्र आक्रसते व फुगते. मे महिन्यात गोल असलेली रुंद फळी ऑगस्टच्या दमट हवेत लंबगोल झालेली मोजून दिसते. ते टाळता येत नाही. म्हणून अखंड लाकडाचे झाकण एखाद्या कड्यात बसवायचे असेल तर भोवती काही मिलिमीटर मोकळे ठेवावेत. अखंड लाकडात आणखी एक अडचण येते. फेरीच्या चार भागांपैकी समोरासमोरच्या दोन भागांत बिट तंतूंच्या विरुद्ध जाते आणि तेथे काठाची सालपटे निघतात. शेवटची अर्धा मिलिमीटरची फेरी अगदी हलक्या हाताने घेणे हाच त्यावर उपाय. त्यासाठी पहिल्या सर्व फेऱ्या खिळा अर्धा मिलिमीटर दूर ठेवून घ्याव्यात, आणि येथे सरकत्या ठोकळ्याचा दांडा फार उपयोगी पडतो.

मखरासाठी आयएस ३०३ या भारतीय मानकाचा साधा प्लाय पुरतो. विहिरीवरचे झाकण मात्र आयएस ७१० चे मरीन प्लाय घेऊनच करावे, कारण एक पावसाळा पाण्यात काढल्यावर साध्या प्लायचे थर काठापासून सुटू लागतात.

वर्तुळ तपासणे आणि काठ बंद करणे

पाचसहा दिशांनी व्यास मोजणे ही पहिली तपासणी. दुसरी, आणि माझ्या मते अधिक बोलकी, परिघाची : कागदाची पट्टी काठाभोवती गुंडाळून जेथे मिळते तेथे खूण करायची आणि ती सरळ करून मोजायची. व्यासात १ मिलिमीटरची चूक परिघात ३.१४ मिलिमीटर होऊन दिसते, त्यामुळे डोळ्याला न कळणारी चूकही पकडली जाते. केंद्र हरवले असेल तर गुण्याचा, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीचा, कोपरा काठावर टेकवावा, त्याच्या दोन भुजा काठाला जेथे छेदतात ते दोन बिंदू जोडावेत, म्हणजे व्यास मिळतो. असेच दुसऱ्या ठिकाणी केले की दोन व्यास जेथे छेदतात ते केंद्र.

काठ १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा, पण कागद बोटांवर धरून नव्हे, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. बोटे मऊ थर आधी खातात आणि काठावर लाटा उठतात. प्लायच्या काठावर थरांची उघडी तोंडे असतात आणि आमच्या हवेत ओलावा नेमका तेथूनच आत जातो. म्हणून रंगापूर्वी काठाला प्राइमरचे दोन हात द्यावेत आणि पहिला हात वाळल्यावर पुन्हा हलके घासावे. खिळ्याचे भोक त्याच प्लायच्या भुशात फेविकॉल कालवून भरावे.

विसर्जनानंतर कडे माळ्यावर ठेवायचे असेल तर ते भिंतीला टेकवून ठेवू नये. पुढच्या चतुर्थीपर्यंत ते आपल्याच वजनाने वाकते. सपाट ठेवावे, खाली तीन सारख्या उंचीच्या रिपा टाकाव्यात म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळती राहते, आणि दांडाही त्याच्याच पोटात ठेवून द्यावा, कारण तो पुन्हा लागणारच.